तंबू मिळणारे जपानी गेम

क्वालिटी कशाला म्हणतात हे परवा माझ्या भाचीनं मला शिकवायला घेतलं, आणि मी ते शिकायला साफ नकार दिला.

लातूरला आमचं कापडाचं दुकान आहे. रस्ता रुंद होणार आणि दुकानाचा पुढचा भाग त्यात जाणार, म्हणून माळा रिकामा करायला मी माहेरी गेले होते. वर फाटकी गाठोडी, मोडकी मोजपट्टी, कुठल्याशा दिवाळीच्या सेलचे रंग उडालेले फलक, आणि एका सतरंजीत गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम. एके काळी पांढरा होता, आता तपकीर लावणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडलाय. सोबत कॅसेटींचा पत्र्याचा डबा. ऋतुजा, म्हणजे माझ्या भावाची मुलगी, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आणि उरलेल्या वेळात जपानी गेम खेळते, नव्या मशीनवर, पंखा-बिंखा लावून, मांडी घालून. तिनं एक कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली.

"आत्या, तुम्ही ह्याच्यावर आरपीजी खेळायचे? ह्याला काय क्वालिटी असणार?"

मग तिनं मोबाइलवर तिची यादी दाखवली. कुठल्या मशीनवरचा कुठला जपानी गेम किती चांगला, ग्राफिक्सला दहापैकी किती, कथेला किती, संगीताला किती, लढाईला किती. मार्क दिल्याशिवाय लातूरच्या लेकरांना आंबासुद्धा गोड लागत नाही. मी यादी नीट वाचली आणि म्हटलं, "ह्यात एक रकाना राहिलाय. तंबूचा."

ती हसली. हसू दे. ज्यांना हे गेम ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. त्यात तीन-चार सोबती असतात. ते गावोगाव हिंडतात, रानात राक्षसांशी लढतात, जखमी होतात, त्यांची ताकद उतरते. ताकद पुन्हा भरायची तर झोपावं लागतं. झोपायच्या दोन जागा. एक, गावातली सराई, तिला आम्ही धर्मशाळा म्हणायचो. दुसरी, तंबू. तो दुकानात विकत घ्यायचा आणि उघड्या माळावर टाकायचा. जगातली सगळी शहाणी पोरं धर्मशाळेत झोपत असत, कारण ती स्वस्त आणि खात्रीची. आमच्या सोबत्यांनी धर्मशाळेचा उंबरा कधी ओलांडला नाही. गावाच्या वेशीशी आलो तरी आम्ही मागं फिरायचो आणि माळावर तंबू टाकायचो.

आम्ही म्हणजे मी आणि शिवूदादा. शिवूदादा माझ्या गंगाआत्याचा मुलगा. आत्याचं गाव औशाच्या पलीकडे, जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद अशी घरं असलेलं. भूकंप झाला त्या पहाटे गणपती बुडवून आलेला शिवूदादा मंडळाच्या चौथऱ्यावरच झोपून गेला होता. आत्या, तिचे यजमान आणि धाकटी रेवा घरात झोपले होते. ह्यापुढचं मी सांगत नाही. आमच्या घरात ते कुणीच पूर्ण सांगितलेलं नाही.

त्यानंतर अख्खं लातूर बाहेर झोपायला लागलं. शाळांची मैदानं, दुकानांसमोरचे रस्ते, बाजार समितीचं आवार. ताडपत्रीचा वास, स्टोव्हवरच्या चहाचा रॉकेलमिश्रित वास, ब्लीचिंग पावडर, दवानं ओली झालेली वाकळ. कधी कुणाच्या घरी पाऊल न टाकलेल्या बायका शेजारीशेजारी अंथरुणं घालून एकमेकींच्या केसांतल्या उवा काढत होत्या. मोठी माणसं हलक्या आवाजात बोलायची आणि एखादा ट्रक गेला तरी गप्प व्हायची. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले होते. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, मनापासून सांगणार असेल तर तो हेच सांगेल.

मग थंडी आली, आणि एकेक घर आत गेलं. आधी बाळंतिणी, मग म्हातारी माणसं, मग पुरुष. आमच्याही घरात भिंतींना नवा गिलावा झाला आणि आम्ही आत गेलो. शिवूदादा तेवढा अंगणात राहिला. दिवसा तो घरात यायचा, जेवायचा, अभ्यास करायचा. पण आडवं व्हायचं म्हटलं की अंथरूण उचलून बाहेर. मदतीतून आलेल्या तंबूचा एक तुकडा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला भिंतीशी बांधून दिला होता. पावसाळ्यात तो त्याखाली, उन्हाळ्यात नुसत्या आभाळाखाली.

घरादारानं त्याला आत आणायचा चंग बांधला. मठातून भस्म आलं. दर्ग्यातून ताईत आला. दवाखान्यातून गोळ्या आल्या, त्यांनी तो दिवसाच पेंगायला लागला. आप्पा सगळ्यांत पुढं. रोज सकाळी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकान उघडायला निघाले की अंगणात थांबायचे.

"शिवू, आज तरी आत झोपतोस का रे?"

"बघू की मामा," तो म्हणायचा. तो कधीच नाही म्हणाला नाही. आतही कधी आला नाही.

टीव्ही गेम आणला काकांनी. ते माल भरायला हैदराबादला जायचे, तिथं आखातातून आलेल्या कुणाकडून मिळाला. कॅसेटी सगळ्या जपानी. डब्यावर, पडद्यावर, कुठंही ओळखीचं अक्षर नाही. आम्ही आकारांवरून चाललो. झोपडीसारखं अक्षर म्हणजे विकत घेणं, विळ्यासारखं म्हणजे विकणं, दोन काटक्या आडव्या असल्या की विष. टीव्ही काळापांढरा होता. सोबत्याला विष चढलं की तो हिरवा होतो हे मला पुढं कॉलेजात कळलं, आम्हाला तो नुसता मळका दिसायचा. ऋतुजाबाई म्हणतात ग्राफिक्स. आम्ही मळका आणि स्वच्छ एवढ्यावर जगलो आणि काही अडलं नाही.

टीव्ही दुकानामागच्या खोलीत होता. शिवूदादाला पाठीशी उघडं दार लागायचं, म्हणून टीव्हीचं स्टूल दाराशी ओढलेलं, आणि तो उंबऱ्यावर. स्टॅबिलायझरचा काटा स्थिर व्हायची वाट बघायची, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारायची, मग बटण. पडदा गरम झाला की धुळीचा वास यायचा, आणि मधल्या कापडी पडद्याआडून दुकानातल्या नव्या कापडाच्या खळीचा. राक्षसाशी लढताना मध्येच आप्पांनी कापड फाडल्याचा टर्रकन आवाज. आजही कुठं नवं कापड फाटलं की माझा अंगठा आपोआप बटण शोधतो.

आप्पांना हा सगळा नाद वाटायचा, पण एकदा मागं उभं राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. आमचे सोबती गेममधल्या दुकानात तलवार घेत होते.

"भाव करा की जरा," आप्पा म्हणाले.

"इथं भाव होत न्हाई मामा. एकच दर."

"मग हे गाव काय वर येत न्हाई बघ." असं म्हणून ते गेले, पण त्या दसऱ्याला कात्री, मोजपट्टी आणि शिलाई मशीन ह्यांच्या शेजारी त्यांनी टीव्ही गेमही मांडला, त्याला भस्म लावलं, वर आपट्याचं पान ठेवलं. ते पान वाऱ्यानं उडून कॅसेटच्या खाचेत शिरलं आणि आम्हाला चिमट्यानं काढावं लागलं.

पुण्याहून माझा मावसभाऊ सुटीत आला तेव्हा त्याला आमचं खेळणं बघून हसू आवरेना. त्याला सगळे गेम माहीत. "अरे, गावात इन आहे ना, तुमची ती धर्मशाळा! तंबू कशाला वाया घालवताय? तो शेवटच्या गुहेसाठी राखून ठेवायचा असतो."

शिवूदादानं पडद्यावरून नजर काढली नाही. "त्याला छत हाय," तो म्हणाला.

मावसभावाला काही कळलं नाही. मला कळलं, आणि त्या दिवसापासून आमची गेम मोजायची रीत पक्की झाली. ज्या गेममध्ये तंबू मिळतो तो पहिल्या प्रतीचा. ज्यात तंबूत सेव्हही करता येतं तो त्याहून वरचा, कारण लातूरची लाइट कधी जाईल ह्याचा नेम नव्हता, आणि दुपारभराची लढाई एका झटक्यात पुसली जायची. लाल कॅसेटमध्ये दोन्ही होतं, म्हणून लाल कॅसेट सगळ्यांच्या वर. निळीत तंबू होता पण सेव्ह फक्त राजाच्या दरबारात, म्हणून ती खाली. काळ्या कॅसेटचं संगीत इतकं गोड होतं की आई पोळ्या लाटताना गुणगुणायची, पण त्यात तंबूच नव्हता. ती आम्ही शेजारच्यांना देऊन टाकली.

ही रीत चुकीची होती असं आजवर मला पुष्कळांनी सांगितलंय. सांगोत. डोळे उघडून बघा आणि मग बोला. साऱ्या लातुरात तेव्हा एकच जागा अशी होती जिथं बाहेर झोपणं हा आजार नव्हता. जिथं तुम्ही माळावर तंबू टाकला तर कुणी भस्म आणत नव्हतं, गोळ्या देत नव्हतं, "अजून किती दिवस" म्हणून विचारत नव्हतं. उलट तुमची ताकद पूर्ण भरायची आणि पुढचा रस्ता मोकळा व्हायचा. असली गोष्ट ज्यानं लिहिली त्या जपानी माणसाला दहापैकी किती मार्क द्यायचे ते ऋतुजानं मला सांगावं.

पुढं लातूरचं रूप पालटलं. जिथं ताडपत्र्या होत्या तिथं क्लासेसच्या पाट्या आल्या. सकाळी सायकलींचे थवे, मेसच्या डब्यांचे खडखडाट, झेरॉक्सच्या दुकानांतला गरम कागदाचा वास, भिंतीभिंतीवर बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. मुखेडहून, नायगावहून, शिरूर अनंतपाळहून लेकरं ट्रंका घेऊन उतरायची आणि आमच्या दुकानातून चादरी न्यायची. ज्या घरांत आपली माणसं मावत नव्हती तिथं पत्रे ठोकून भाड्याच्या खोल्या निघाल्या. भूकंप कुणाच्या तोंडी राहिला नाही. राहिला तो आमच्या अंगणात.

शिवूदादा हुशार. दहावीला त्याचा फोटोही एका भिंतीवर लागला. घराला आता एकच ध्यास, पोरगं डॉक्टर झालं पाहिजे. काकांनी बक्षीस म्हणून सीडीवर चालणारं नवं मशीन आणलं. आता रंगीत टीव्ही होता, इंग्रजी अक्षरं होती, सोबत्यांचे केस वाऱ्यावर उडत होते, समुद्र खराखुरा हलत होता. ह्यातल्या एका गेमची लोक अजून आरती करतात. ऋतुजाच्या यादीत तो पहिला आहे. मी तेव्हाही त्याला शेवटचा नंबर दिला आणि आजही देते. त्यात तंबू नव्हता. गावोगाव नुसत्या धर्मशाळा, एकाहून एक देखण्या. एवढा मोठा समुद्र हलवला आणि चार हात ताडपत्री देता आली नाही.

बारावीला थोडक्यात हुकलं म्हणून शिवूदादाला नांदेडला रिपीटरच्या बॅचला घातलं. वसतिगृह तिथंच. तीन मजले, गजांवर वाळणारे टॉवेल, आमटी आणि फिनेलचा एकत्र वास. तो गच्चीवर झोपेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण गच्चीला कुलूप होतं. तो रोज अंथरूण घेऊन फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीजवळ झोपायला लागला, तेव्हा वसतिगृहातून बोलावणं आलं. आप्पा आणि मी पहिल्या एसटीनं गेलो. वाटेत आप्पा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वर्षभराचा तर सवाल हाय." म्हणजे एवढं एक वर्ष शिवूनं आत झोपावं, की डॉक्टर झालाच. नाही तर गेलं सगळं.

रेक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"बघा, एका पोराला सूट दिली की बाकीचे उद्या रस्त्यावर झोपून राहतील. पालकांना मी काय उत्तर देऊ? ह्यानं आत झोपावं न्हाई तर घरी न्यावं."

शिवूदादा भिंतीशी उभा होता, हातात गुंडाळलेली वळकटी.

"आत पडून बघितलं मामा," तो म्हणाला. "छातीवर यायलंय."

"घरी गेमबिम लई खेळायचा म्हणं," रेक्टर म्हणाला. "तेच शिरून राहिलंय डोक्यात. आजकाल पोरांना..."

"गेममुळं न्हाई सर," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की व्हरांड्यातली पोरं थांबली. "गेम खेळला म्हणून तो इथवर आला. तुम्हाला म्हाईत न्हाई ते बोलू नका."

मला वाटलं आता आप्पा मला गप्प बसवणार. इतकी वर्षं रोज सकाळी त्याला आत बोलावणारे तेच होते. ते उठून उभे राहिले, टोपी नीट केली.

"सर, आमची गंगा घरात झोपली होती," ते म्हणाले. "चांगल्या घरात. दोन हात रुंद दगडी भिंत. मीच हुंड्याऐवजी बांधून दिली होती. आता ह्या लेकराला घरात झोप म्हणून मी कुण्या तोंडानं सांगू? सांगत आलो इतके दिवस. आता सांगत न्हाई."

रेक्टरनं पाण्याचा पेला आप्पांकडं सरकवला. आप्पांनी ट्रंकेची एक कडी धरली, मी दुसरी. शिवूदादानं वळकटी घेतली. फाटकातून बाहेर पडताना मी एकदाही मागं पाहिलं नाही, आणि त्या वसतिगृहासमोरून आजही जाते तेव्हा मान ताठ ठेवूनच जाते.

परतीच्या वाटेत लोह्याच्या स्टँडवर आप्पांनी भजी घेतली, कागद शिवूदादापुढं धरला आणि विचारलं, "तुमच्या त्या खेळात तंबू कुठल्या कापडाचा असतोय रे?"

शिवूदादा हसला. खूप दिवसांनी. "दिसत न्हाई मामा. लई बारका हाय."

"जाड कापड पाहिजे," आप्पा म्हणाले. "पातळ असलं की पहाटं दव आत येतंय." घरी आल्यावर त्यांनी दुकानातली सगळ्यांत जाड कॅनव्हास काढून त्याच्यासाठी नवा तंबू शिवून घेतला, आणि त्यानंतर अंगणात थांबून तो रोजचा प्रश्न कधी विचारला नाही.

शिवूदादा डॉक्टर झाला नाही. मुखेडजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पोरं त्याच्यावर जीव टाकतात. नातेवाइकांत अजून बोललं जातं, गेमनं पोराचं वाटोळं केलं, नाही तर आज केवढा दवाखाना असता. मी प्रत्येक लग्नात त्यांच्याशी भांडते. जेवणाच्या पंगतीत भांडते, वाढप्याला थांबवून भांडते. जो माणूस झोपू शकतो, उठू शकतो, शिकवू शकतो, त्याचं वाटोळं झालं म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःची झोप तपासावी.

हे सगळं मी माळ्याखाली बसून ऋतुजाला सांगितलं. ती यादी बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आपण शिवूकाकांनाच विचारू ना. सगळ्यात भारी गेम कुठला."

लाव म्हटलं. मला उत्तर पाठच होतं. तिनं फोन लावून आवाज मोठा केला. मागं कोंबड्यांचा, बादलीचा आवाज येत होता.

"दादा, ही पोरगी विचारतीय, आपण खेळलो त्यात पहिला नंबर कुणाचा? सांग हिला, लाल कॅसेटचं नाव सांग."

"लाल चांगली होती," तो म्हणाला. "पण पहिली ती सीडीवाली. समुद्राची."

"ती? अरे तिच्यात तंबूच न्हवता!"

"हाव. न्हवता. त्यात सगळे घरातच झोपायचे. अन् सकाळी सगळेच्या सगळे उठायचे. तू क्लासला गेलीस की मी लढाई करायचोच न्हाई. नुसतं झोपवायचो त्येंना अन् उठवायचो."

ऋतुजा माझ्याकडं बघत होती. इतकी वर्षं मी ज्याची बाजू घेऊन भांडले त्याची अर्धी गोष्ट मला आज कळत होती. नंबर बदलणार नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि दुसरंच विचारलं.

"आता कुठं झोपतोस दादा?"

"अंगणातच की. पोरी झोपतेत आत, त्येंची माय झोपती. मी पहाटंच उठून ओट्यावर बसतो. धाकटी उठती, मग थोरली, मग त्येंची माय दार उघडून बाहेर येती. तिघी आल्या का, मग मी चहा टाकतो."